पात्रनिवड : कुमारांच्या नाटकाचा पहिला पाठ

परवा एका स्नेह्यांच्या घरी चहाला गेलो होतो. आपल्या न्यासाच्या महोत्सवात तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींकडून ‘शारदा’ नाटकातील काही प्रवेश बसवून घ्यावयाचे ठरल्याचे त्यांच्या घरी कळले होते. चहा झाल्यावर त्या घरच्या वहिनींनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला पुढे केले आणि विचारले, “भाऊजी, पात्रनिवडीसाठी हिच्याकडून कोणता उतारा पाठ करून घेऊ?” मी म्हणालो, “कोणताच नको. हिने सबंध नाटक एकदा वाचावे, एवढेच पुरे.” वहिनींचे समाधान झाले नाही. मुलीचे तर मुळीच झाले नाही. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या रात्रीची भीती स्पष्ट दिसत होती.

घरी परतताना वाटले की, हा प्रश्न एका घरचा नाही. पात्रनिवड म्हणजे काय, तीत काय पाहतात, मुलांनी काय तयारी करावी आणि आपण मोठ्यांनी काय करावे व काय करू नये, याचा उलगडा एकदा नीट केला पाहिजे. नाटके बसविण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेली. त्यांतून जे शिकलो, आणि जे चुकून शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

नाटकाची ओळख

प्रथम नाटकाविषयी दोन शब्द. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या सात नाटकांपैकी ‘संगीत शारदा’ हेच काय ते त्यांचे स्वतंत्र नाटक; बाकीची रूपांतरे किंवा अनुवाद. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, किर्लोस्कर नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली आपल्या इंदुरातच केला. पंचाहत्तरीच्या घरातला श्रीमंत भुजंगनाथ, त्याचे लग्न जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित, पैशाच्या लोभाने मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, जिचे कोणी ऐकत नाही ती आई इंदिराकाकू, लग्नात आडवा येणारा तरुण कोदंड, आणि या सर्वांच्या मध्ये सापडलेली शारदा व तिच्या मैत्रिणी, असा हा संसार आहे.

कुमारवयाच्या मुलांसाठी हे नाटक मुद्दाम निवडले आहे. शारदा स्वतःच त्या वयाची आहे. आपल्या आयुष्याचा निर्णय मोठी माणसे परस्पर घेत आहेत आणि आपल्याला कोणी विचारत नाही, हे दुःख आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही. मुले विचारतात की, ‘सारडा कायदा’ या नाटकावरूनच निघाला का? तर तसे नाही. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नावातले साम्य हा केवळ योगायोग. पण असा प्रश्न विचारणारे मूल मला आवडते. ज्याला नाटकाविषयी कुतूहल आहे, त्याची अर्धी तयारी झालीच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवावी. त्या काळी या मंडळीत स्त्रियांच्या भूमिका पुरुष आणि मुलगेच करीत. केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव अगदी बालवयात शारदेच्याच भूमिकेने गाजले. आणि १९०८ साली हुबळीस त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली, तेव्हा त्यांनी वयाची विशीही गाठलेली नव्हती. म्हणजे मराठी रंगभूमीला कुमारवयाचे नट नवे नाहीत. मात्र कंपनीचे मालक मुले निवडीत ती गळा आणि रूप पाहून, कारण त्यावर कंपनीचे पोट चाले. आपल्या नाटकावर कोणाचे पोट अवलंबून नाही. म्हणून आपली निवडीची कसोटीही वेगळी असली पाहिजे.

कसोटी कशाची?

पात्रनिवड ही परीक्षा नव्हे. परीक्षेत सगळी मुले उत्तीर्ण होऊ शकतात. पात्रनिवडीत शारदा एकच असते. सहा मुली उत्तम वाचतात, तरी पाचजणींना ती भूमिका मिळत नाही. यात त्या पाचजणींचा दोष काही नाही. कधी उंचीचा मेळ बसत नाही, कधी आई आणि मुलगी यांचे आवाज फार सारखे होतात, कधी एखादीची दुसऱ्या भूमिकेला अधिक गरज असते. हे मुलांना आधीच सांगितले पाहिजे. निकालानंतर सांगितले तर ते सांत्वन वाटते.

मग निवडणारे पाहतात काय? पाठांतर पाहत नाहीत. नक्कल पाठ होण्यास तालमीचे दोन-तीन आठवडे पुरतात. हावभावही फारसे पाहत नाहीत. ते शिकविता येतात, आणि आधी चुकीचे शिकलेले असले तर पुसून काढण्यातच वेळ जातो. मुख्यतः पाहावयाचे ते ऐकणे. समोरचा बोलत असताना हे मूल त्याचे बोलणे ऐकते का, की आपले वाक्य केव्हा येते याची वाट पाहत कागदात डोके घालून उभे राहते? नाटक हे बोलण्याइतकेच ऐकण्यावर चालते. जो ऐकत नाही त्याचे उत्तर कितीही सुरेल असले तरी ते उत्तर वाटत नाही, भाषण वाटते.

यासाठी एक साधी रीत आहे. दोन मुलांना एक संवाद द्यावा, समजा कांचनभट आणि इंदिराकाकू यांचा. दहा मिनिटे बाहेर बसून वाचू द्यावा आणि मग उभे करून म्हणवून घ्यावा. पहिल्या वेळी बहुतेक मुली इंदिराकाकूंना भांडखोर करतात, आवाज चढवितात. तेव्हा त्यांना एकच सूचना द्यावी: “शेजारच्या घरात ऐकू जाईल या भीतीने बोल.” आणि तोच संवाद पुन्हा म्हणवून घ्यावा. खरी निवड या दुसऱ्या वाचनात होते. काही मुले दुसऱ्यांदाही जसेच्या तसे वाचतात. घरी कोणीतरी बसवून दिलेले असते, ते हलत नाही. काही मुले अडखळतात, वाक्य चुकतात, पण आवाज खाली येतो, नजर दाराकडे जाते. ही दुसऱ्या प्रकारची मुले घ्यावीत. त्यांच्याबरोबर सहा आठवडे काम करता येते.

वहिनींना मी उतारा पाठ करून घेऊ नका म्हणालो, त्याचे कारण हे.

मुलांसाठी

मुलांनो, आता तुमच्याशी बोलतो.

नाटक सबंध वाचा; फक्त आपल्याला हवी ती भूमिका वाचू नका. शारदेची भूमिका हवी असेल तर कांचनभट काय म्हणतो ते अधिक लक्ष देऊन वाचा, कारण शारदेचे दुःख त्याच्या वाक्यांतून जन्माला येते.

कागद छातीच्या उंचीवर धरा, तोंडासमोर नको. वाक्याचा पहिला अर्धा भाग पाहून घ्या, मान वर करा आणि समोरच्याकडे पाहून वाक्य पुरे करा. घरी कोणाशीही, अगदी धाकट्या भावाशीही, वर्तमानपत्रातली बातमी अशी वाचून पाहा. चार दिवसांत सवय होते.

आवाज मोठा करणे आणि आवाज पोहोचविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ओरडले की शब्द फाटतात. वाक्याचे शेवटचे अक्षर गिळू नका, एवढे सांभाळले तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मराठी वाक्याचा प्राण बहुधा शेवटच्या क्रियापदात असतो. ‘जाईन’ की ‘जाणार नाही’ हे तिथेच कळते. आणि आपण नेमके तेच पुटपुटतो.

म्हाताऱ्या भुजंगनाथाची भूमिका वाचणाऱ्या मुलांनी पाठ वाकवून आणि आवाज कापरा करून वाचू नये. भुजंगनाथाला आपण म्हातारे आहोत हे कबूलच नाही. नाटकाची गंमत तीच आहे. म्हाताऱ्याने तरुणासारखे ताठ चालण्याचा प्रयत्न करावा, आणि उठताना गुडघ्याने क्षणभर दगा द्यावा. तेवढ्यात प्रेक्षक समजतात.

मोबाइलवर जुन्या प्रयोगांची ध्वनिमुद्रिते ऐकता येतात. अवश्य ऐका, पण पात्रनिवडीच्या आदल्या आठवड्यात ऐकू नका. एकदा नक्कल कानात बसली की आपला आवाज सापडत नाही.

पदे म्हणणाऱ्यांनी पेटीवाल्याला आपली पट्टी आधी सांगावी. मोठ्या गवयाची पट्टी धरण्याचा हट्ट नको. मुलग्यांना तर विशेष सांगणे आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास तुमचा आवाज फुटतो. कंठातील स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. या दिवसांत तो मध्येच चिरकतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि तो जबरदस्तीने वर ओढू नये; कंठाला इजा होते. “सध्या आवाज फुटतो आहे, गद्य भूमिका द्या,” असे निःसंकोच सांगावे. भद्रेश्वर दीक्षिताची लबाडी गाण्यावाचूनही उत्तम रंगते.

चूक झाली तर थांबून जीभ चावू नका, क्षमा मागू नका, पुढे चला. रंगमंचावर चुकणार सगळेच. चुकल्यावर काय करता ते आम्हाला पाहावयाचे असते.

आपली मराठी

इंदुरात वाढलेल्या मुलांना एक सोय आहे आणि त्या सोयीतच एक अडचण आहे. शाळेत हिंदी असल्यामुळे त्यांना देवनागरी वाचता येते. परंतु तेच अक्षर दोन भाषांत निराळे बोलते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ‘ज्ञान’ हा शब्द हिंदीत ‘ग्यान’ होतो, मराठीत ‘द्न्यान’. ‘कृपा’ हिंदीत ‘क्रिपा’, मराठीत ‘क्रुपा’. ‘चार’ आणि ‘चहा’ यांतला च तालव्य. ‘चाक’ आणि ‘चूल’ यांतला दंततालव्य. तसाच ज: ‘जीव’ मधला निराळा, ‘जाड’ मधला निराळा. आणि ळ तर शाळेतल्या हिंदीत नाहीच. म्हणून ‘बाळ’ चे ‘बाल’ होते आणि ‘काळा’ चे ‘काला’. शिवाय हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने ‘ते पुस्तक’ हे ‘ती पुस्तक’ होते आणि ‘ते घर’ हे ‘तो घर’.

या चुका आहेत, आणि रंगमंचावर त्या सुधारल्याच पाहिजेत. पण त्या सुधारतात. रोज दहा मिनिटे आजी-आजोबांसमोर बसून मोठ्याने वाचावे आणि त्यांनी प्रत्येक ळ पाशी फक्त बोट उचलावे, बोलू नये. माझा अनुभव असा की, महिनाभरात जिभेला वळण लागते. म्हणून उच्चाराच्या दोषासाठी कोणत्याही मुलाला पात्रनिवडीत बाद करू नये. ज्याला मराठी उत्तम येते त्याच्यासाठी नाटक ही हौस आहे. ज्याला ती कमी येते त्याच्यासाठी ते मराठीचे दार आहे. आणि दार बंद केले तर काय होते, ते मी पाहिले आहे.

माझी चूक

बऱ्याच वर्षांपूर्वीची, दुसऱ्या एका गावची गोष्ट. तेथील एका मंडळाच्या कुमारांच्या नाटकासाठी मी पात्रनिवडीला बसलो होतो. सर्वांची वाचने सर्वांसमोर, भरल्या सभागृहात चालली होती. पंधरा वर्षांची एक मुलगी आली. तिच्या घरी मराठी जवळजवळ थांबलीच होती. पण ती समोरच्याचे बोलणे असे ऐकत होती की, मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. एका वाक्यात तिने ‘बाळ’ ऐवजी ‘बाल’ म्हटले. मागच्या रांगेत कोणी हसले, मग सभागृह हसले. आणि सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. मोठ्याने नव्हे, पण तिने माझ्याकडे पाहिले त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर हसू होते.

मुख्य भूमिका कोणाला द्यावयाची हे आधीच ठरलेले होते. मंडळाच्या एका मोठ्या देणगीदाराची कन्या त्या वर्षी नाटकात होती. ते मला ठाऊक होते आणि मी हरकत घेतली नाही. वाचन हा देखावा होता. ती मुलगी पुन्हा तालमीला आली नाही. तिला दुसरे काम द्यावे हेही मला सुचले नाही.

पुढे अनेक वर्षांनी एका लग्नात ती भेटली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. मी मराठीत चौकशी केली. ती हिंदीत उत्तरे देत राहिली. शेजारी तिचा मुलगा उभा होता, त्याला तर मराठीचा गंधही नव्हता. मी सहज म्हटले, “घरात मराठी बोलत नाही का?” ती हसून म्हणाली, “काका, आज भी लगता है, कोई हँस देगा.”

तिला रागही नव्हता. त्या एका संध्याकाळमुळेच तिच्या घरची मराठी गेली, असे मी म्हणत नाही. अशा गोष्टींना अनेक कारणे असतात. पण त्या कारणांत माझे हसू आहे, एवढे मला माहीत आहे.

निवडणाऱ्यांसाठी

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. आपल्या कार्यकारिणीनेही ते पाळावेत अशी माझी विनंती आहे.

वाचने बंद दाराआड नकोत आणि भरल्या सभागृहातही नकोत. निवडणारे निदान तिघे असावेत, त्यांत एक स्त्री असावीच. कोणतेही मूल एकटे एकाच निवडणाऱ्यासमोर नसावे. बाहेर बसलेल्या मुलांजवळ एखादी वडीलधारी व्यक्ती असावी. सर्वांना तोच उतारा, तेवढाच वेळ आणि दुसऱ्या वाचनाची संधी मिळावी.

चिठ्ठीवर आडनाव नसावे, क्रमांक असावा. इंदूरच्या मराठी समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे क्रमांकाने सगळे लपते असे नाही. पण निवडणाऱ्याला आपले काम काय आहे याची आठवण राहते. ज्यांच्या देणगीवर हे सभागृह उभे आहे त्यांचे ऋण आपण मानतोच. ते मानण्याची जागा या स्मरणिकेचे पहिले पान आहे. पात्रांची यादी नव्हे. आणि देणगीदाराच्या मुलीने चांगले वाचले तर तिला भूमिका जरूर द्यावी. नाही तर तीही आपल्या गुणांवर निवडली गेली की वडिलांच्या नावावर, हा संशय जन्मभर बाळगते. तो अन्याय तिच्यावरही होतो.

निकाल फलकावर लावण्यापूर्वी ज्यांना भूमिका मिळाली नाही त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे, आणि बोलताना हातात काम द्यावे. नाटकाला सूचक लागतो, आणि चांगल्या सूचकाला सबंध नाटक पाठ असते. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा, तबल्या-पेटीच्या साथीची व्यवस्था, प्रेक्षकांची आसने, ही सर्व कामे कुमारवयाची मुले उत्तम करतात. आलेले एकही मूल रिकाम्या हाताने परत जाऊ नये, हा एक नियम पाळला तरी बाकीचे नियम आपोआप पाळले जातील.

पालकांसाठी

पालकांना सांगणे थोडे आहे. दाराच्या फटीतून मुलाची वाक्ये ओठांनी म्हणू नका. त्याची नजर तुमच्याकडे जाते. विश्वस्तांना दूरध्वनी करू नका. दहावी-बारावीची परीक्षा, शिकवणी, गावाला जाणे, जे काही असेल ते तालमीच्या दिवसांसह आधीच कागदावर लिहून द्या. भूमिका मिळाल्यावर सांगितले तर बाकीच्या मुलांची तालीम बुडते. घरी आल्यावर “मिळाली का?” असे विचारू नका. “कोणाबरोबर वाचलेस? तो कसा वाचत होता?” असे विचारा. मुलाने समोरच्याचे बोलणे ऐकले असेल तर ते सांगेल, आणि भूमिका मिळो न मिळो, त्याने नाटकाचा पहिला पाठ घेतला असे समजा.

आणि मुलांनो, तुम्ही या. ज्यांचा ळ अडतो त्यांनी तर अवश्य या. या वेळी मी समोर बसेन आणि हसणार नाही.